लिनक्स्युलेटर: फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम, दादरच्या आमच्या ऑफिसातला अनुभव

आधी निकाल सांगते. ऑफिसात फ्रीबीएसडीचा (लिनक्ससारख्याच, युनिक्सच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टमचा) सर्व्हर आहे आणि एखाद-दोन बंदिस्त, म्हणजे सोर्स कोड न मिळणाऱ्या, लिनक्स प्रोग्रॅमांवाचून काम अडतंय, अशी तुमची स्थिती असेल तर व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आतलं नकली यंत्र) उभं करण्याआधी लिनक्स्युलेटर, म्हणजे लिनक्सचे प्रोग्रॅम थेट फ्रीबीएसडीवर चालवण्याची सोय, लावून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. डॉकर (लिनक्सचे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यांत चालवणारं साधन) हवं असेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका. का, ते पुढे येईलच.

मी दादर पूर्वेला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात संगणकांचं सगळं बघते. आमचं काम मुख्यतः जुन्या इमारतींचं. लालबाग, परळ, गिरगावकडच्या उपकरप्राप्त इमारती, त्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट, पुनर्विकासाची ड्रॉइंग. एकेका इमारतीची फाइल वर्षानुवर्षं उघडी राहते. सोसायटीत दोन गट पडतात, विकासक बदलतो, महापालिकेकडून शेरे येतात, आणि मग तीन वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग जसंच्या तसं काढून द्या म्हणून सर हाक मारतात. त्यामुळे फाइल सर्व्हरवर झेडएफएस ही फाइल सिस्टम हवी, ती स्नॅपशॉटसकट (त्या-त्या वेळच्या फाइली जशाच्या तशा गोठवून ठेवण्याच्या सोयीसकट) हवी, यावर आमच्याकडे कधी वाद झाला नाही. फ्रीबीएसडीत झेडएफएस सिस्टमबरोबरच येतं, इन्स्टॉल करतानाच निवडता येतं. म्हणून सर्व्हर फ्रीबीएसडीचा.

सर्व्हर पोटमाळ्यावर आहे. हिंदमाता जवळ आहे म्हटल्यावर तळमजल्यावर यंत्र का ठेवत नाही हे मुंबईकराला सांगायला नको. पोटमाळ्यावर एक कॅबिनेट, एक यूपीएस आणि एक छोटा एसी मावतो. दुसऱ्या मशीनला ना जागा, ना गार हवा. जे काही करायचं ते त्या एकाच डब्यात.

आता अडचण अशी की आमच्या इंजिनिअर मंडळींचं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर त्यांच्या विंडोजच्या टेबलांवर चालतं, पण त्याचे दोन भाग सर्व्हरवर ठेवावे लागतात. एक म्हणजे फ्लोटिंग (सगळ्यांत मिळून वापरायची) लायसन्स वाटणारा डीमन, म्हणजे मागे सतत चालत राहणारा प्रोग्रॅम. दुसरा, मोठी मॉडेलं रात्रभर सोडवत बसणारा कमांड लाइनवरचा सॉल्व्हर. कंपनी दोन्ही गोष्टी विंडोज आणि लिनक्ससाठी देते. सोर्स कोड मिळत नाही. फ्रीबीएसडीचं नाव काढलं की पलीकडून उत्तर येतं, आमच्या यादीत ही सिस्टम नाही.

लिनक्स्युलेटर हे बोलण्यातलं नाव. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात त्याला लिनक्स बायनरी कंपॅटिबिलिटी म्हणतात. हा फ्रीबीएसडीच्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, एक मॉड्यूल आहे. गोष्ट नवी नाही, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ती फ्रीबीएसडीत आहे. ६४ बिटांचे लिनक्स प्रोग्रॅम चालवण्याची सोय १०.३ आवृत्तीत, २०१६ साली आली, आणि आजच्या वापराच्या दृष्टीने खरी सुरुवात तीच. आम्ही १४.३ वर आहोत. किंमत शून्य.

हा प्रकार नेमका करतो काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथेच आहेत. प्रोग्रॅम बेरीज-गुणाकार करत असतो तेव्हा त्याला ऑपरेटिंग सिस्टमची गरजच नसते, ते काम थेट प्रोसेसर करतो. आणि प्रोसेसर तोच, लिनक्स असो की फ्रीबीएसडी. फाइल उघडायची, मेमरी मागायची, नेटवर्कवर बोलायचं, वेळ विचारायची, असं काही आलं की प्रोग्रॅम कर्नलला हाक मारतो. ती हाक म्हणजे सिस्टम कॉल. एका रजिस्टरमध्ये कॉलचा क्रमांक ठेवायचा, बाकीच्यांत तपशील ठेवायचे आणि एक विशिष्ट आज्ञा द्यायची. बस.

गोम त्या क्रमांकांत आहे. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर लिनक्समध्ये वाचण्याचा क्रमांक ०, लिहिण्याचा १, फाइल उघडण्याचा २, बंद करण्याचा ३. फ्रीबीएसडीत हेच अनुक्रमे ३, ४, ५, ६. म्हणजे लिनक्सच्या प्रोग्रॅमने ‘३’ म्हणत फाइल बंद करायला सांगितलं, तर फ्रीबीएसडीला ऐकू येईल ‘वाच’. यावर फ्रीबीएसडीने शोधलेला उपाय सरळ आहे. कर्नल प्रत्येक प्रोसेसबरोबर एक तक्ता जोडून ठेवतो: या प्रोसेसच्या हाका कोणत्या यादीतून वाचायच्या. आपल्या प्रोग्रॅमांना आपली यादी, लिनक्सच्यांना लिनक्सची. दुसरा कर्नल चालत नाही, प्रोग्रॅममधल्या आज्ञांचं भाषांतर होत नाही, नकली हार्डवेअर उभं राहत नाही.

पण क्रमांक जुळवले की काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांना मी पुढची उदाहरणं नेहमी देते. ऑफिसातल्या शिकाऊ मुलालाही हीच दिली.

फाइल उघडताना कशी उघडायची हे एका आकड्यातून सांगितलं जातं. लिनक्समध्ये १०२४ म्हणजे ‘शेवटी जोडत जा’. फ्रीबीएसडीत तोच १०२४ म्हणजे ‘आधीचं सगळं पुसून कोरी कर’. लायसन्स डीमन आपली लॉग फाइल याच पद्धतीने, शेवटी जोडत जाण्यासाठी उघडतो. मध्ये कुणी अर्थ बदलून देणारं नसतं, तर डीमन सुरू होताना दर वेळी जुनी नोंद साफ झाली असती, आणि कुठेही चूक म्हणून दिसली नसती.

चुकांच्या क्रमांकांचंही तसंच. कॉल फसला तर का फसला याचा आकडा परत येतो. लिनक्समध्ये ११ म्हणजे ‘आत्ता काही नाही, पुन्हा विचार’ आणि ३५ म्हणजे डेडलॉक, दोघं एकमेकांसाठी अडून बसले. फ्रीबीएसडीत बरोब्बर उलट: ११ म्हणजे डेडलॉक, ३५ म्हणजे पुन्हा विचार. नेटवर्कवर बोलणाऱ्या प्रोग्रॅमला ‘पुन्हा विचार’ हे उत्तर सतत मिळत असतं, त्यात वावगं काही नाही. तिथे डेडलॉक ऐकू आला तर तो गाशा गुंडाळणारच. शिवाय आकडा परत करण्याची रीतही वेगळी. लिनक्स उणे चिन्ह लावून परत करतो, फ्रीबीएसडी अधिक आकडा देतो आणि प्रोसेसरमधला कॅरी फ्लॅग वर करून चूक झाल्याचं कळवतो.

सिग्नलचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. आमचा डीमन नवी लॉग फाइल उघडण्यासाठी यूएसआर१ हा सिग्नल घेतो. फ्रीबीएसडीत त्याचा क्रमांक ३०, लिनक्समध्ये १०. मी फ्रीबीएसडीच्या बाजूने ३० पाठवते, डीमनला तो १० म्हणून मिळतो. तो ३० तसाच पोचला असता तर लिनक्सच्या हिशेबात त्याचा अर्थ झाला असता ‘वीज गेली’. आणि उलट्या दिशेने, लिनक्सचा १० फ्रीबीएसडीत मेमरीच्या गंभीर चुकीचा सिग्नल आहे.

असे शेकडो बारकावे या थरात कुणीतरी बसून, एकेक करून लिहिले आहेत. फाइलची माहिती देणाऱ्या रचनेतले रकाने वेगळ्या क्रमाने येतात, ते परत मांडायचे. फोल्डरातल्या नोंदी वेगळ्या आकाराच्या, त्या परत बांधायच्या. हे काम दिसत नाही, त्याची जाहिरात होत नाही, आणि ते नीट झालं की वापरणाऱ्याला काही झाल्याचं जाणवतही नाही. मला या कामाबद्दल फार आदर आहे. आमच्या क्षेत्रात पायाच्या ड्रॉइंगला जेवढा जीव लावावा लागतो, तेवढाच इथे लावलेला दिसतो.

आता बसवण्याबद्दल. आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिनक्स चालू करण्याची एक ओळ, मग सर्व्हिस सुरू करण्याची एक आज्ञा. तेवढ्याने मॉड्यूल चढतो आणि ‘कॉम्पॅट’ फोल्डरातल्या ‘लिनक्स’ फोल्डराखाली लिनक्सच्या पद्धतीचे प्रॉक, सिस आणि डेव्ह (प्रोसेस, सिस्टम आणि उपकरणांची माहिती देणारे फोल्डर) माउंट होतात. पण नुसता कर्नल पुरत नाही, लिनक्सच्या लायब्रऱ्याही लागतात. त्यासाठी पॅकेजमधून रॉकी लिनक्स ९ वर आधारलेला बेस, म्हणजे लायब्रऱ्यांचा संच, मिळतो. आधी हा बेस सेंटओएस ७ चा असायचा. त्यातली जीलिबसी (लिनक्सच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी) २.१७, फार जुनी. सॉल्व्हरची नवी आवृत्ती आली तेव्हा तिने ‘जीलिबसी २.२८ सापडत नाही’ म्हणून चालायला नकार दिला. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपलाच होता. रॉकी ९ मध्ये जीलिबसी २.३४ आहे, त्यावर सॉल्व्हर विनातक्रार उठला. ज्यांच्याकडे अजून सेंटओएस ७ चा बेस आहे त्यांनी तो बदलावा, वाट बघण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. उबुंटू हवं असेल तर डीबूटस्ट्रॅप या साधनाने वेगळ्या फोल्डरात ते उभं करून त्यात सीएचरूट करता येतं (म्हणजे तो फोल्डरच मूळ फोल्डर मानून प्रोग्रॅम चालवता येतात), हँडबुकात ती कृती दिलेली आहे.

फाइलींचे रस्ते शोधण्याची पद्धत छान आहे. लिनक्सच्या प्रोसेसने एखादी लायब्ररी मागितली की कर्नल आधी त्या ‘कॉम्पॅट-लिनक्स’ फोल्डराखाली बघतो, तिथे नसेल तर खऱ्या ठिकाणी. त्यामुळे सॉल्व्हरला लायब्रऱ्या लिनक्सच्या मिळतात आणि मॉडेलच्या फाइली मात्र थेट आमच्या झेडएफएसवरच्या, कुठलंही शेअरिंग न लावता. व्हर्च्युअल मशीन आणि यातला खरा फरक मला इथेच जाणवतो.

हा प्रोग्रॅम लिनक्सचा आहे हे कर्नलला कळतं कसं? ईएलएफ फाइलच्या (दोन्हीकडे प्रोग्रॅम याच साच्यातल्या फाइलीत असतो) सुरुवातीला कोणत्या सिस्टमसाठी हे सांगणारा एक बाइट असतो. तो बहुतेक वेळा शून्यच असतो, म्हणून फ्रीबीएसडी फाइलमधलं एबीआयचं, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या सिस्टमच्या रीतीने बोलतो हे सांगणारं, छोटं टिपण बघतो आणि लोडरचा (लायब्रऱ्या चढवणाऱ्या प्रोग्रॅमचा) रस्ताही बघतो. नेहमीच्या प्रोग्रॅमांत यातलं काहीतरी सापडतंच. पूर्ण स्टॅटिक (सगळ्या लायब्रऱ्या पोटात घेऊन) बांधलेल्या काही प्रोग्रॅमांत, विशेषतः गो भाषेतल्या, यातलं काहीही नसतं. मग ‘ईएलएफ बायनरी टाइप शून्य माहीत नाही’ अशी ओळ येते. ब्रँडईएलएफ नावाच्या आज्ञेने त्या फाइलवर लिनक्सचा शिक्का मारला की ती चालते. सगळ्याच अनोळखी फाइलींना लिनक्स समजा, असं सांगणारं सेटिंगही आहे (फॉलबॅक ब्रँड ३), पण मी फाइलनिहाय शिक्का मारणं पसंत करते. सर्व्हरवर काय चालतंय ते नावानिशी माहीत असावं.

लायसन्स डीमनची धास्ती होती, कारण लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं आणि हा डीमन तो पत्ता ‘ईटीएच०’ या नावाच्या कार्डाकडेच मागतो. फ्रीबीएसडीत कार्डाचं नाव ड्रायव्हरवरून पडतं, आमचं आहे ‘आयजीबी०’. लिनक्स्युलेटर लिनक्सच्या प्रोसेसना इथरनेट कार्डं ईटीएच०, ईटीएच१ अशा नावांनी दाखवतो आणि मागणी आली की आत खऱ्या कार्डाकडे वळवतो. डीमनने ईटीएच० मागितलं, त्याला आयजीबी० चा पत्ता मिळाला, लायसन्स जुळलं. ही सोय करणाऱ्याला असे हट्टी प्रोग्रॅम नक्की भेटले असणार.

बसवताना खरी खटपट झाली ती कंपनीच्या इन्स्टॉलरशी. तो सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) शोधतो. लिनक्स्युलेटरमध्ये सिस्टमडी नसतं, असण्याची अपेक्षाही ठेवू नका. इथे फक्त प्रोग्रॅम चालतात, लिनक्सचं घरदार बूट होत नाही. मी टारची फाइल हाताने उघडली, फाइली जागच्या जागी ठेवल्या आणि फ्रीबीएसडीच्या पद्धतीची एक छोटी आरसी स्क्रिप्ट लिहिली. डीमन सुरू करणं, थांबवणं, मशीन चालू झाल्यावर आपोआप उठणं, सगळं इतर सर्व्हिससारखंच. हे काम ज्याला जमत नाही त्याने मदतीला कुणी असल्याशिवाय हा मार्ग धरू नये, एवढं स्पष्ट सांगते.

सॉल्व्हरचं म्हणाल तर तो जास्त वेळ आकडेमोडीतच असतो, आणि ती थेट प्रोसेसरवर चालते, मध्ये कुणी नसतं. किती कोअर आहेत हे तो प्रॉकमधल्या सीपीयू-इन्फो फाइलमधून वाचतो. ही फाइल लिनक्स्युलेटर लिनक्सच्या ढंगात बनवून देतो. मग तो तेवढे थ्रेड काढतो, आणि थ्रेड एकमेकांसाठी थांबतात ते फ्यूटेक्सवर. फ्यूटेक्स ही खास लिनक्सची चीज. कुलूप मोकळं असेल तर कर्नलपर्यंत जायचंच नाही, झोंबाझोंबी झाली तरच जायचं. फ्रीबीएसडीत याच कामासाठी यूएमटीएक्स नावाची स्वतःची यंत्रणा आहे आणि लिनक्स्युलेटरने फ्यूटेक्स तिच्यावरच बसवला आहे. त्याच धर्तीवर लिनक्सचं ईपोल (एकाच वेळी अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवण्याची सोय) इथल्या केक्यूवर बसवलेलं आहे. जिथे यजमानाकडे तशीच भक्कम यंत्रणा आधीपासून आहे तिथे हा थर अगदी पातळ राहतो, आणि तिथेच तो सगळ्यात विश्वासाचा आहे.

याआधी हाच सॉल्व्हर आम्ही भाइव्हमध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या हायपरव्हायजरमध्ये, लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन करून चालवत होतो. चालायचा उत्तम. पण त्या मशीनसाठी मेमरीचा ठरावीक वाटा बाजूला काढावा लागायचा. सॉल्व्हर रिकामा बसला तरी आम्ही तो वाटा झेडएफएसच्या कॅशसाठी धरू शकत नव्हतो. मॉडेलच्या फाइली आत पोचवायला एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइल शेअरिंग. शिवाय लिनक्सचे अपडेट वेगळे, त्याचा बॅकअप वेगळा, त्याचं घड्याळ वेगळं. आता सॉल्व्हर टॉप या आज्ञेत इतर प्रोसेसबरोबर दिसतो, किल या आज्ञेने मरतो, जेलमध्ये (फ्रीबीएसडीच्या बंद कप्प्यात) कोंडता येतो, आणि काम संपलं की मेमरी मोकळी होते. दिवसा तीच मेमरी ड्रॉइंगच्या फाइलींच्या कामी येते. पोटमाळ्यावरच्या एकुलत्या एक डब्यासाठी हा फरक मोठा आहे.

आता जे होत नाही ते.

डॉकर चालत नाही, कारण डॉकर ज्या खांबांवर उभं आहे ते सीग्रुप आणि नेमस्पेस (प्रोसेसना वाटे आणि वेगळं जग देणाऱ्या लिनक्सच्या सोयी) लिनक्स्युलेटरमध्ये नाहीत. कंटेनर हवेच असतील तर फ्रीबीएसडीवरचं पॉडमन हे डॉकरसारखं साधन लिनक्सच्या इमेज याच थरावर चालवू शकतं, पण डॉकरसाठी लिहिलेली प्रत्येक गोष्ट तिथे चालेल हे गृहीत धरू नये. आयओ-यूरिंग (लिनक्सची वाचन-लेखनाची नवी, वेगवान पद्धत) नाही, सुजाण प्रोग्रॅम ते नसेल तर जुन्या पद्धतीवर येतात. १४ मध्ये आयनोटिफायही नाही, म्हणजे फोल्डरात नवी फाइल आली की जागे होणारे प्रोग्रॅम जागे होत नाहीत. आमच्या सॉल्व्हरबरोबर असा एक पहारेकरी प्रोग्रॅम येतो: फोल्डरात मॉडेल टाकलं की आपोआप रांगेत घेणारा. तो इथे निरुपयोगी. मी त्याऐवजी क्रॉन या वेळापत्रकातून ठरावीक वेळाने फोल्डर बघणारी स्क्रिप्ट लावली आहे. इंजिनिअरांना थोडं थांबावं लागतं.

आणि हे लायसन्सवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावं: यूएसबीचा डोंगल (लायसन्सची किल्ली असलेला छोटा तुकडा) असेल आणि त्याला लिनक्सचा कर्नल ड्रायव्हर लागत असेल, तर विषय तिथेच संपतो. लिनक्स्युलेटर प्रोग्रॅमच्या हाका समजतो, लिनक्सचे कर्नल मॉड्यूल चढवत नाही. विकत घेण्याआधी लायसन्स मॅकवर देता का, हे विचारून घ्या.

काही बिनसलं तर शोधायचं कुठे? डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत. एखादा कॉल लिहिलेलाच नसेल तर कर्नल तिथे प्रोसेसचा क्रमांक, प्रोग्रॅमचं नाव आणि ‘हा कॉल अंमलात नाही’ असं कॉलच्या नावासकट लिहितो. ट्रस ही आज्ञा लावली तर लिनक्सच्या प्रोसेसचे कॉल एकामागून एक वाचता येतात. या प्रामाणिकपणासाठी मी या थराला जास्त गुण देते. न जमणाऱ्या कामाचं खोटं ‘झालं’ परत केलं असतं तर रात्रभर सुटलेल्या मॉडेलच्या आकड्यांवर आम्ही सही कशी केली असती? इमारतीत माणसं राहतात.

यूनेम, म्हणजे सिस्टमचं नाव आणि आवृत्ती, विचारलं तर लिनक्सच्या प्रोसेसला १४ मध्ये ‘लिनक्स ५.१५.०’ असं उत्तर मिळतं. शिकाऊ मुलाने एकदा विचारलं, “ताई, मग हा ५.१५ चा लिनक्सच झाला ना?” नाही. तो आकडा सेटिंगमधून बदलता येतो आणि तो प्रामुख्याने जीलिबसीच्या समाधानासाठी आहे, कारण आकडा फार जुना दिसला तर ती ‘कर्नल फार जुना’ म्हणून सुरुवातीलाच थांबते. आकडा वाढवला म्हणून नवे कॉल उगवत नाहीत. कुणी इंटरनेटवर तसा सल्ला दिला तर ऐकू नका.

विंडोजवाल्या मित्रांना हे सगळं ऐकून डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय, आठवतं, आणि ते बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१६ मध्ये जाहीर केलेल्या डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत कल्पना हीच होती. पिको प्रोसेस नावाची रिकामी प्रोसेस, आणि तिच्या हाका एलएक्सकोर नावाच्या ड्रायव्हरकडे. थक्क करणारं काम होतं. पण विंडोजची फाइल उघडण्याची रीत, तिथले फिल्टर ड्रायव्हर, प्रोसेस जन्माला घालण्याची रीत लिनक्सपासून फार लांब. हजारो छोट्या फाइली हाताळणाऱ्या कामांत ते हळू पडायचं. त्यात लोकांना डॉकर हवं होतं. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आला. पहिली आवृत्ती आजही मिळते, पण जोर दुसरीवर आहे. फ्रीबीएसडीच्या भावकीतल्या ओपनबीएसडीने तर २०१६ मधल्या ६.० आवृत्तीत आपला लिनक्स थर काढूनच टाकला.

मग फ्रीबीएसडीचा का टिकला? माझं मत असं. दोन्ही सिस्टम युनिक्सच्या वळणाच्या, त्यामुळे बहुतेक हाकांना इथे जवळचं उत्तर आधीच असतं. आणि अख्खं लिनक्स उभं करण्याचा हट्ट इथे नाही. लोकांना लागणारे प्रोग्रॅम चालले पाहिजेत, एवढ्यावर नजर. कुणी डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) असलेले व्हिडिओ बघायला क्रोमची लिनक्स आवृत्ती चालवतं, कुणी आमच्यासारखा लायसन्स डीमन.

त्यात लिनक्सचीही मोठी देणगी आहे. लिनक्स आपले सिस्टम कॉल बदलत नाही. एकदा दिलेला क्रमांक आणि त्याचा अर्थ कायम, हा तिथला जुना दंडक. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइनसारखा प्रकल्प कर्नलच्या दाराशी न बसता डीएलएलच्या, म्हणजे विंडोजच्या लायब्रऱ्यांच्या, पातळीवर काम करतो. काही खेळ थेट विंडोजच्या क्रमांकाने हाक मारतात, तेव्हा त्या हाका परत वाइनकडे वळवण्याची सोय लिनक्सच्या ५.११ मध्ये करावी लागली. एनटीची (विंडोजच्या कर्नलची) थ्रेड थांबवण्याची खास रीत सांभाळायला ६.१४ मध्ये एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर आला. पाहुण्याच्या सवयींसाठी यजमानाने कर्नलमध्ये जागा करून देणं लिनक्सलाही चुकलेलं नाही.

सुरक्षेबद्दल सर विचारतात, आणि विचारायला हवंच. असा थर म्हणजे कर्नलमध्ये जास्तीचा कोड, आणि बाहेरून आलेला बंदिस्त प्रोग्रॅम त्याच्याशी थेट बोलणार. व्हर्च्युअल मशीनची भिंत जाड असते, ही पातळ. म्हणून डीमन आणि सॉल्व्हर दोन्ही वेगवेगळ्या जेलमध्ये ठेवले आहेत, वेगळ्या युजरच्या नावाने. सॉल्व्हरच्या जेलला नेटवर्कमध्ये फक्त लायसन्सपुरता रस्ता आहे, आणि ड्रॉइंगच्या मूळ फाइली त्याला वाचता येतात, लिहिता येत नाहीत. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेले लिनक्सचे प्रोग्रॅम ‘चालतात का बघू’ म्हणून मुख्य सर्व्हरवर टाकणं मला मान्य नाही.

कंपनीचा सपोर्ट मिळत नाही हा शेवटचा दोष, आणि तो लिनक्स्युलेटरचा नाही. लायसन्सची फाइल बिघडली तर पलीकडचे आधी विचारतात, लिनक्स कोणतं? यासाठी भाइव्हमधलं जुनं व्हर्च्युअल मशीन मी पुसलेलं नाही. बंद ठेवलं आहे. तक्रार करायची वेळ आली की तिथे तीच चूक करून दाखवायची, मग बोलायचं. ही सोय तुम्हीही ठेवा.

फ्रीबीएसडी १५ मध्ये आयनोटिफाय कर्नलमध्येच आलं आहे. आम्ही त्यावर जाणार ते पावसाळा संपल्यावर, कारण पावसाळ्याच्या तोंडावर आणि मध्यात ऑडिटची कामं अंगावर असतात आणि सर्व्हरला हात लावलेला कुणालाच परवडत नाही. गेल्यावर सगळ्यात आधी तो पहारेकरी प्रोग्रॅम लावून बघणार आहे. तो जागा झाला तर क्रॉनची स्क्रिप्ट काढून टाकेन आणि इथेच तसं नोंदवेन.